पायवालीने मोजलेली बोटं

उबवणी केंद्रात तिला सगळे पायवाली म्हणत. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू हातात आलं की बाकीच्या बायका आधी चोच बघायच्या, डोळे बघायच्या, बेंबी सुकली का ते बघायच्या. ही मात्र पिल्लाला उलटं करून आधी पाय बघायची. "चोच वाकडी असली तर कसंबसं खाईल तरी. पायच धड नसले तर दाण्यापर्यंत पोचणारच नाही," असं तिचं म्हणणं. सोमवारी आणि गुरुवारी पिल्लं निघायची. लांबलचक पत्र्याचं टेबल, वर पिवळे दिवे, दोन्ही बाजूंना सहा-सहा बायका आणि कान किटवणारा चिवचिवाट. चांगलं पिल्लू उजवीकडच्या खोक्यात, बाद पिल्लू पायाशी ठेवलेल्या निळ्या टोपलीत. एका पिल्लाला तीन सेकंद. अकरा वर्षं तिने हे केलं.

माझी तिची ओळख त्यानंतरची. ती आता विद्यापीठातल्या ज्या संस्थेत काम करते तिथे तळमजल्यावर माझी काचकामाची खोली आहे. तडकलेल्या नळ्या जोडायच्या, हव्या त्या आकाराच्या नव्या ओढून द्यायच्या, हे माझं काम. केसासारख्या बारीक काचेच्या सुया करून घ्यायला ती येते आणि स्टुलावर टेकली की बोलत सुटते. पुढचं सगळं तिच्याच तोंडून ऐकलेलं, तेही एका बैठकीत नाही.

तिला मुलगी झाली तेव्हा नर्सने पोर आधी दुपट्यात घट्ट गुंडाळून दिली आणि म्हणाली, "बाळ छान आहे हं, फक्त घाबरू नका." अशा वेळी घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतोच. तिने दुपटं सोडलं. पोरीच्या उजव्या हाताला दोन अंगठे होते. बुडाशी चिकटलेले, टोकाशी सुटे, दोघांना स्वतंत्र नखं. बाकी चार बोटं जिथल्या तिथे.

सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "नऊ महिने पिल्लांचे पाय बघत बसलीस. मी सांगत होते, सुट्टी घे."

नवरा दारात उभा होता. तो शिलाई मशिनी दुरुस्त करतो. बोलतो कमी, पण बोलला की मोजून बोलतो. "आई, पाय बघून बोटं वाढत असती तर पोरगी पिसं घेऊन आली असती."

सगळे हसले. तीही हसली. पण ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं, कारण नऊ महिने ती खरंच पाय बघत होती. डॉक्टरांना तिने विचारलं, असं का झालं? ते म्हणाले, होतं कधी कधी. का होतं, विचारल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हाताच्या सर्जनने सांगितलं होतं की दुसऱ्या वर्षी ऑपरेशन करू. तारीखही मिळाली. नेमका त्याच आठवड्यात पोरीला ताप आला. मग तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे आणि मग कुणी विषयच काढेना. पोरगी दोन अंगठ्यांच्या मधे पेन्सिल अडकवून रेघोट्या मारायची. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इतरांना वाटायचं.

पोरगी चार वर्षांची असताना एका गुरुवारी पायवालीच्या हातात एक पिल्लू आलं. सवयीने तिने उलटं केलं. कोंबडीला पायाला चार बोटं असतात, तीन पुढे आणि एक मागे. या पिल्लाला मागे दोन होती. जास्तीचं बोट जरा वर, वाकलेलं, बारीक नख असलेलं. दुसऱ्या पायालाही तसंच. तीन सेकंद होऊन गेले. शेजारीण म्हणाली, "काय गं, लग्न ठरवतेस का त्याचं?"

नियमाप्रमाणे जास्तीचं बोट म्हणजे बाद. तिने निळ्या टोपलीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. पिल्लू ठणठणीत होतं, तळहातावर उभं राहून चोची मारत होतं. तिने ते एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलं. दुपारपर्यंत डब्यात चार पिल्लं झाली होती.

मुकादमाने पाहिलं. "हे काय नवीन?"

"पाच बोटांची आहेत. जरा वेगळी ठेवते."

"वेगळी ठेवून काय करणार?"

"मोजणार," ती म्हणाली. याच्यापलीकडे तिलाही ठाऊक नव्हतं.

अंडी ज्या फार्मवरून यायची तिथे कोंबड्यांच्या वेगवेगळ्या कोठ्या होत्या आणि कुठल्या कोठीची अंडी हे कळावं म्हणून प्रत्येक ट्रेवर वेगळ्या रंगाच्या खडूची रेघ असायची. तिने चारही पिल्लांच्या ट्रे शोधल्या. चारही हिरव्या रेघेच्या. पुढच्या सोमवारी तिने शेजारणींना सांगून ठेवलं, पाच बोटांचं दिसलं की माझ्याकडे द्या. त्या तिला हसत होत्या, पण देत होत्या. पाच आठवड्यांत हिरव्या रेघेची चारशे पिल्लं तिच्या टेबलावरून गेली. त्यातली एकोणीस पाच बोटांची होती. दुसऱ्या कुठल्याही रंगात एकसुद्धा नाही.

दर मंगळवारी केंद्रात एक बाई उबवणीची अंडी न्यायला यायच्या. पांढरे केस आखूड कापलेले, पाठीवर सॅक, अंडी स्वतः उचलून उजेडात धरून निवडणार. विद्यापीठात काहीतरी संशोधन करतात एवढंच सगळ्यांना माहीत होतं. मुकादम त्यांना मॅडम म्हणे आणि त्यांची पाठ वळली की 'ऑम्लेटवाल्या' म्हणे. पाच आठवडे मोजून झाल्यावरच्या मंगळवारी पायवाली डबा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हे असं का होतं?"

मॅडमनी पिल्लू उलटं केलं. तिच्यासारखंच, आधी पाय. हे तिला फार आवडलं, असं ती मला अजून सांगते. मग मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अशी किती?"

"चारशेत एकोणीस. सगळी एकाच कोठीतली. त्या कोठीत नव्वद कोंबड्या आणि दहा कोंबडे आहेत, मी फोन करून विचारलं. मला वाटतं एकाच कोंबड्याची करामत आहे. पण मग हिशेब जुळत नाही. दहात एक कोंबडा असा असेल तर दहात एक पिल्लू असं निघायला हवं. हे तर विसात एक निघतंय."

मॅडमनी पिल्लू परत डब्यात ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पिल्लांनी."

"हिशेब जुळतो," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक पिल्लाला अर्धा वारसा आईकडून, अर्धा बापाकडून. कोंबड्याकडे त्या गोष्टीच्या दोन प्रती असतात. एक नेहमीची, एक बदललेली. पिल्लाला त्यातली कुठलीतरी एकच मिळते. म्हणून त्याची निम्मीच पिल्लं पाच बोटांची. दहाचे वीस झाले ते असे."

दुसऱ्या दिवशी दोघी फार्मवर गेल्या. हिरव्या कोठीतल्या दहा कोंबड्यांना एकेक करून काखेत धरून त्यांनी पाय तपासले. पहिले सहा चार बोटांचे. सातव्याने मॅडमच्या मनगटाला चोच मारून रक्त काढलं. त्याला पाच होती.

फार्मचा मालक तो कोंबडा काढूनच टाकणार होता, त्याने तो मॅडमना देऊन टाकला. मग तीनेक आठवड्यांनी मॅडमचा निरोप आला, बघायला या.

प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी चकाचक असेल म्हणून ती ठेवणीतले कपडे घालून गेली. तिथे एक अरुंद खोली, भिंतीला पोपडे, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे आणि तिच्या केंद्रातल्यासारखंच, पण फ्रिजएवढं उबवणी यंत्र होतं. टेबलावर एक अंडं. त्याच्या कवचाला नाण्याएवढी खिडकी कापून वर चिकटपट्टी लावलेली. मॅडमनी पट्टी काढली आणि तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

एवढ्या वर्षांत लाखो पिल्लं तिच्या हातून गेली होती, पण अंड्याच्या आत तिने कधी पाहिलं नव्हतं. चार दिवसांचा जीव होता. अर्धविरामासारखा वळलेला, एक भलामोठा डोळा आणि धडधडणारा लाल ठिपका.

"पाय कुठे आहेत?" तिने विचारलं.

"शेपटीच्या जरा वर बघा. चपटा फुगवटा दिसतोय?"

दिसत होता. बोटं नाहीत, नख नाही, नुसता एक मऊ चपटा कोंब. वर पंखाचा तसाच.

"आता याला कसं कळणार," तिने डोळा न काढता विचारलं, "की अंगठा कुठल्या बाजूला आणि करंगळी कुठल्या?"

मॅडम म्हणाल्या की त्यांची तीस वर्षं याच प्रश्नात गेली. मग त्यांनी काचेच्या छोट्या बश्या काढल्या. त्यात रंग दिलेले, आता जिवंत नसलेले चार दिवसांचे जीव होते. कोंबाच्या शेपटीकडच्या कडेला जांभळा डाग होता. "या डागातल्या पेशींमध्ये एक जीन चालू आहे. तिथून एक पदार्थ झिरपतो. जवळच्या पेशींना तो जास्त मिळतो, लांबच्यांना कमी. जास्त मिळाला, जास्त वेळ मिळाला, की करंगळीच्या बाजूचं बोट. कमी मिळाला की अंगठ्याच्या बाजूचं."

"त्या जीनचं नाव काय?"

"एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव ठेवलंय."

"शास्त्रज्ञांनी?"

"शास्त्रज्ञांनीच. तेव्हा गंमत वाटली सगळ्यांना. आता पेशंटच्या आईबापांना सांगताना जीभ अडखळते."

दुसऱ्या एका बाटलीत दहा दिवसांचं पिल्लू होतं, मांस काचेसारखं पारदर्शक केलेलं आणि आतला सांगाडा निळा. त्याच्या पंखाला तीनऐवजी सहा बोटं होती. मधोमध आरसा ठेवल्यासारखी, दोन्ही टोकांना सारखी. मॅडमनी सांगितलं की चौथ्या दिवसाच्या आसपास त्यांनी दुसऱ्या एका पिल्लाच्या मागच्या कडेचा कण उचलून याच्या पुढच्या कडेला बसवला होता. पंखाला दोन्हीकडून निरोप आले. त्याने दोन्हींचं ऐकलं.

आणि मग शेवटची बशी. "ही तुमच्या कोंबड्याची संतती."

पायाच्या कोंबाच्या मागच्या कडेला नेहमीचा जांभळा डाग होता. पुढच्या कडेला, जिथे काहीच नसायला हवं तिथे, अगदी पुसट, टाचणीच्या टोकाएवढा दुसरा डाग.

ती किती वेळ बघत होती कोण जाणे. मॅडमनी चहा केला, तो निवला.

"म्हणजे बोटाचा असा वेगळा जीन नसतोच," ती शेवटी म्हणाली.

"नसतो. जीन तोच, सगळ्यांकडे असलेला. पण तो कुठे चालू व्हायचा हे ठरवणारा खटका निराळा असतो आणि तो जीनपासून खूप लांब असतो. दिवा माडीवर आणि बटण खाली जिन्यापाशी, तसं. त्या बटणात डीएनएचं एखादं अक्षर बदललं की दिवा भलत्या खोलीतही लागतो."

तेव्हा तिने पर्समधून मुलीचा फोटो काढला. एवढे दिवस मॅडमना हे तिने सांगितलंच नव्हतं.

मॅडमनी फोटो बराच वेळ पाहिला. "अंगठ्याकडची बाजू," त्या म्हणाल्या. "माणसातही तोच जीन, तोच खटका. तुमच्या मुलीत तिथेच बदल असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, रक्त तपासावं लागेल. कारणं दुसरीही असतात."

"मी गरोदर असताना सारखी पाय बघत होते पिल्लांचे."

मॅडम हसल्या नाहीत. "कधी?"

"शेवटपर्यंत. आठव्या महिन्यातसुद्धा."

"बाळाच्या हाताचा कोंब चौथ्या आठवड्यात फुटतो. दोन महिन्यांत बोटं सुटी झालेली असतात. तुम्हाला दिवस गेलेत हे धड कळलंही नसेल, तेव्हा हे ठरून गेलेलं होतं. आणि बघण्याने तर ते मुळीच होत नाही."

मला ती सांगते की तिला त्या वेळी रडू आलं नाही, उलट भूक लागली. निवलेला चहा आणि मॅडमच्या डब्यातली सगळी बिस्किटं तिने संपवली. निघताना मॅडमनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाचे अंगठे वेगळे आहेत? नीट बघा."

"नाहीत," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात दुकानात नवऱ्याला जेवणाचा डबा द्यायला ती गेली होती. तो एका मशिनीच्या पोटात हात घालून आतली तार काढत होता. दुकानातले सगळे म्हणायचे की याचा अंगठा म्हणजे आयतं हत्यार, कुठेही पोचतो. अंगठा लांब होता, हे तर तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. आज तिने तो वाकताना पाहिला. अंगठ्याला तळहाताच्या वर एकच सांधा असतो. याचा दोन ठिकाणी वाकत होता, बाकीच्या बोटांसारखा.

"अहो, हात दाखवा."

"तेलाचा आहे."

"असू दे. दाखवा."

तिने पेरं मोजली. तीन. आपल्या अंगठ्याची मोजली. दोन. दुसऱ्या हाताला त्याची तीन.

"सात वर्षं संसार केला," ती मला म्हणाली, "लाखो पिल्लांचे पाय मोजले आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाचा अंगठा मोजला नाही."

नवऱ्याने बराच वेळ अंगठा वाकवून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे मी बाद का?"

"खोक्यात राहा," ती म्हणाली.

आता नवऱ्याकडे आलं कुठून? सासरे तिच्या लग्नाआधीच गेले होते. फोटोत त्यांचे हात खिशात. राहिल्या सासूबाई. त्यांचे हात तर रोज डोळ्यांसमोर. रविवारी दुपारी सासूबाई लोकरीचा गुंडा करत होत्या आणि ही समोर लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून बसली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला, मसुराएवढा चकचकीत पांढरा उंचवटा दिसला.

"आई, हे काय आहे?"

"ते? चामखीळ होती लहानपणी. दोरा बांधून पाडली म्हणे."

"कोण म्हणे?"

"आई सांगायची माझी. का गं?"

तिच्या जिभेवर आलं होतं. चार वर्षं ऐकून घेतलेलं एका वाक्यात परत करता आलं असतं. पण म्हाताऱ्या बाईचा तो हात तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिला त्या क्षणी जिंकण्यापेक्षा खरं काय ते जाणून घ्यायचं होतं. तिने एवढंच म्हटलं, "तुमच्या दादांना विचारता?"

सासूबाईंचे थोरले भाऊ ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी. फोन मोठ्या आवाजावर लावला. सासूबाई ओरडून म्हणाल्या, "दादा, माझ्या डाव्या हाताला लहानपणी काय होतं रे?"

तिकडून खरखरीत आवाज आला. "आज काय हे मधेच?"

"सांग ना."

"अंगठा होता. छोटा. तू जन्मलीस तेव्हा मी पाच वर्षांचा. आईने दोरा बांधला, आठवड्यात वाळून पडला. मला सांगितलं होतं, कुणापाशी बोललास तर फोडून काढीन."

"आई तर चामखीळ म्हणायची."

"मग काय म्हणणार? पोरीची जात, पुढे लग्नबिग्न. आता आई नाही, म्हणून सांगितलं."

फोन ठेवल्यावर सासूबाई त्या पांढऱ्या ठिपक्यावरून बोट फिरवत राहिल्या. "म्हणजे माझ्याकडून आलं," त्या म्हणाल्या. "आणि मी तुला..."

"तुमच्याकडूनच असं नाही, आई. तुम्हालाही कुणाकडून तरी आलंच असेल ना."

"आईने मला एकदा तरी सांगायचं." त्यांचा राग आता भलतीकडेच वळला होता. पंचाहत्तर वर्षं मागे. "मी काय हात कापून टाकणार होते?" मग त्यांनी नातीला हाक मारली, तिचा उजवा हात आपल्या डाव्या हातावर ठेवला आणि लोकरीचा गुंडा तसाच जमिनीवर घरंगळत गेला.

रक्त तिघांनी दिलं. अहवाल यायला चार महिने लागले. आजी, मुलगा, नात, तिघांमध्ये त्या लांबच्या खटक्यात एकच अक्षर बदललेलं, आणि तिघांत तेच. कोंबड्याचाही बदल त्याच भागात निघाला, पण अक्षर निराळं. सासूबाईंनी मॅडमना विचारलं, "एका अक्षराने एवढं?" मॅडम म्हणाल्या, "हो." सासूबाई म्हणाल्या, "मग शाळेत मास्तर शुद्धलेखनाला मारायचे ते बरोबरच होतं."

पोरीचं ऑपरेशन सातव्या वर्षी झालं. सर्जनने सांगितलं होतं की नुसता जास्तीचा अंगठा काढून भागत नाही, राहिलेल्याचा सांधा आणि स्नायूही नीट बसवावे लागतात. उशीर झाल्यामुळे थोडा ताठरपणा राहील, असंही. तो राहिलाय. आधी पोरीला विचारलं होतं. ती म्हणाली, "हातमोजा घालता येईल का?" येईल म्हटल्यावर ती तयार झाली. सासूबाईंनी तिच्यासाठी लाल लोकरीचे हातमोजे विणले आणि ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात मुलासुनेच्या आधी पोचल्या.

पायवालीने त्यानंतर वर्षभरात उबवणी केंद्र सोडलं आणि ती मॅडमच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. मॅडमच्या विद्यार्थ्यांना अंड्याला खिडकी पाडता येत नव्हती. दर दहातली चार अंडी ते फोडायचे. हिने एकदा कात्री हातात घेतली आणि सलग वीस खिडक्या पाडल्या, आतला एकही पडदा न फाडता. मुकादम तिच्या निरोपाला म्हणाला, "तिकडे पाय बघायला मिळतील का?" ती म्हणाली, "तिकडे पाय यायच्या आधीच बघतात."

आता विद्यार्थी तिला घाबरतात. ज्याची पट्टी नीट चिकटलेली नसेल त्याला ती नावानिशी झापते. मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, तरी मंगळवारी येतात.

गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे अंड्यातल्या जिवात रंग सोडायच्या सुया करून घ्यायला आली होती. मी नळी ज्योतीवर धरली होती आणि ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अक्षर तेच. मग सासूबाईंना डाव्या हाताला एवढंसं, पोरीला उजव्या हाताला अख्खा अंगठा आणि ह्यांना जास्तीचं पेर, तेही दोन्ही हातांना. असं का?"

"मॅडमना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही." तिने हात पुढे केला. "जरा आणखी बारीक ओढा ना ही. आणि आज सहा द्या, मला डावे आणि उजवे पाय वेगवेगळे बघायचेत."